‘दुर्गम’ म्हणजे कोठून?

सरकारी दप्तरात काही शब्द असे असतात की, त्यांचा अर्थ त्यांना कोणी विचारीत नाही. ‘दुर्गम’ हा त्यांतला अग्रगण्य शब्द होय. एखाद्या गावाच्या नावामागे तो एकदा लागला की, शाळेत शिक्षक का टिकत नाही, दवाखान्यात डॉक्टर का नाही, कागद महिनोन् महिने का रखडले, या सर्व प्रश्नांना एकच उत्तर पुरते. आणि ते देण्यासाठी कोणाला खुर्चीवरून उठावेही लागत नाही. या शब्दाविरुद्ध आमची तक्रार आहे. ती परप्रांतांत सरकारी चाकरी करणाऱ्या मराठी मंडळींपुढे मांडण्याचे कारण असे की, आपण हा शब्द दोन्ही हातांनी वापरतो : दिवसा टिपणीत आणि रात्री प्रवासवर्णनात.

उदाहरणादाखल हिमाचल प्रदेशातील स्पितीच्या खोऱ्यातले किब्बर हे गाव घेऊ. काझा या तालुक्याच्या ठिकाणापासून ते वीसेक किलोमीटरांवर, की गोंपाच्याही वर, सुमारे १४,००० फूट उंचीवर वसलेले आहे. दगडामातीची पांढरी घरे, धाब्यावर रचून ठेवलेले सरपण, वर्षातून एकच पीक देणारी जव आणि वाटाण्याची शेते. वितळत्या बर्फाचे पाणी ‘कूल’ नावाच्या पाटांनी शेतात आणावे, तेव्हा कोठे हिरवे काही दिसावयाचे. येथे येणारा प्रत्येक जण हे गाव ‘जगापासून तुटलेले’ आहे असे लिहून जातो. आमचे म्हणणे असे की, हे विधान भूगोलाचे नसून आपल्या सवयीचे आहे.

किब्बरच्या वरून एक वाट १८,००० फुटांहून उंच अशा परांग ला या खिंडीवर चढते आणि पलीकडे लडाखच्या चांगथांग पठारावर उतरते. पिढ्यान् पिढ्या किब्बरचे लोक या वाटेने स्पितीचे घोडे घेऊन लडाखात जात आणि त्यांच्या मोबदल्यात याक घेऊन परत येत. म्हणजे हे गाव वाटेच्या शेवटी नव्हते, वाटेवर होते. पुढे १९६२च्या युद्धाने तिबेटच्या सीमेवरची ये-जा थांबली. मोटारीचे रस्ते आले ते दक्षिणेकडून. आणि जे गाव एका मार्गावरचा मुक्काम होते ते दुसऱ्या मार्गाचे शेवटचे टोक ठरले. हिमालय होता तेथेच राहिला. हलले ते आपले रस्ते आणि आपल्या रेषा.

आता याच्याही पुढची गंमत पाहावी. १८७३च्या एका कायद्याने इंग्रजांनी स्पितीचा कारभार तेथल्या वंशपरंपरागत ‘नोनो’कडे सोपवून ठेवला होता, साहेब कुलूला बसे. स्वातंत्र्यानंतर, १९६० साली, पंजाब राज्यात लाहौल-स्पिती हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६६ साली तो हिमाचलात आला. जिल्ह्याचे ठाणे झाले लाहौलातले केलाँग. काझाहून केलाँगला जावयाचे तर मध्ये सुमारे १५,००० फुटांवरची कुंझुम खिंड. ती हिवाळ्याचे कित्येक महिने बर्फाखाली असते. त्या दिवसांत स्पितीच्या माणसाला आपल्याच जिल्ह्याचे ठाणे गाठावयाचे झाले तर किन्नौर, शिमला, मंडी, कुल्लू असा साऱ्या राज्याला वळसा घालून जावे लागते. रोहतांगखालचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला, त्यामुळे लाहौलचा प्रश्न पुष्कळ सुटला. कुंझुमचा सुटला नाही. काझाला स्वतंत्र अतिरिक्त उपायुक्त बसवावा लागतो तो याचमुळे. मग किब्बरच्या शेतकऱ्याने केलाँगला दुर्गम म्हटले तर त्याचे काय चुकले? परंतु त्याच्या हाती टिपणीचा कागद नाही, म्हणून दुर्गम ठरतो तो.

यावर आमचे नोकरदार बंधू म्हणतील, “लिहिणे सोपे आहे, तेथे राहून दाखवा. विरळ हवा, गोठलेले नळ, मुलांच्या शाळा, घरी म्हातारे आईवडील. अशी बदली शिक्षा नव्हे तर काय?” या गैरसोयी खऱ्या आहेत, त्या आम्ही नाकारीत नाही. सरकारही त्या नाकारीत नाही. केंद्र सरकारात पूर्वी दुर्गम स्थळांसाठी वेगळा भत्ता असे. २०१७पासून तो व तसे इतर काही भत्ते एकत्र करून ‘टफ लोकेशन अलाउन्स’ झाला आणि त्याच्या तीन श्रेणी ठरल्या. आम्हां कारकून मंडळींना त्या श्रेणी तोंडपाठ असतात. पण जी थंडी सोसण्याबद्दल आपणांस भत्ता मिळतो, तीच थंडी शेजारच्या घरातली बाई बिनभत्त्याने सोसते, आणि बाळंतपणही तेथेच काढते. ज्या ठिकाणाला आपण काळे पाणी म्हणतो ते दुसऱ्या कोणाचे तरी माहेर असते, ही साधी गोष्ट बदलीचा हुकूम हाती पडताच आपण विसरतो. गडचिरोलीच्या बदलीची धमकी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हे नव्याने सांगावे लागू नये.

शिक्षा म्हणून पाठविलेला माणूस शिक्षा भोगावी तसाच राहतो. तो दिवस मोजतो, रजा साठवितो आणि बर्फ पडण्यापूर्वी खाली उतरण्याची सबब शोधतो. त्याला दंड झाला असे आपण म्हणतो. वस्तुतः दंड होतो तो गावाला. शहरात नको झालेला अधिकारी डोंगरात पाठविणे म्हणजे डोंगरातल्या माणसाला कमी प्रतीचा नागरिक मानणे होय, आणि हा अन्याय कोणत्याही भत्त्याने भरून निघत नाही.

दुसरे पाप साहित्याचे आहे. आपली प्रवासवर्णने उंचीने वेडी झाली आहेत. हिक्किमचे टपालघर जगातले सर्वांत उंच म्हणून तेथून घरी पत्र टाकावयाचे. किब्बर उंच की कोमिक उंच याचा वाद घालावयाचा. ताशीगंगला २०१९ साली १५,२५६ फुटांवर मतदान केंद्र उघडले म्हणून लोकशाहीचा जयजयकार करावयाचा. त्या मूठभर मतदारांनी मत कशासाठी दिले, हे विचारण्याइतका वेळ मात्र कोणाजवळ नसतो. ‘येथे काळ थांबला आहे’ हे तर आता ठरीव वाक्य झाले आहे. काळ थांबलेल्या या गावाभोवती १९९२ साली अभयारण्य झाले. हिमबिबट्या गुरे मारी, तेव्हा किब्बरच्या लोकांनी आपल्या चराईची काही जमीन मोकळी सोडली आणि २००२च्या सुमारास निसर्गसंरक्षकांच्या मदतीने गुरांचा सामुदायिक विमा उभा केला. वन्य पशू आणि शेतकरी यांचा तंटा आपल्या सह्याद्रीतही आहेच. त्यावर किब्बरने काय केले हे शिकण्याजोगे होते. आम्ही तेथून छायाचित्रे आणली.

किब्बर म्हणजे स्वर्ग, असे आमचे म्हणणे नाही. जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून थोरल्या मुलाने शेत घ्यावे आणि धाकट्यांनी गोंपात जावे, ही तेथली जुनी रीत. तिच्यात धाकट्यांवर आणि मुलींवर अन्याय होताच. पण त्या रीतीमागे पाण्याचा आणि जमिनीचा कठोर हिशेब होता. तो समजून न घेता तिला रानटी म्हणणे किंवा पवित्र म्हणणे हे दोन्ही आळसाचेच प्रकार होत.

तेव्हा आमची मागणी मोठी नाही. डोंगरी मुलखात बदली झालेल्या मराठी माणसाने तिला शिक्षा म्हणण्याचे सोडावे. तेथली बोली निदान दैनंदिन व्यवहारापुरती शिकावी. एक हिवाळा वर काढावा. आणि या पानांसाठी लिहावयाचे झाले तर उंचीचे फूट कमी मोजून पाण्याच्या पाळ्या, शाळेचे दिवस आणि दवाखान्याचे अंतर अधिक मोजावे. ज्याला ‘दुर्गम’ हा शब्द लिहिल्यावाचून राहवतच नाही, त्याने त्याच्यापुढे ‘कोठून’ असा एक रकाना आखावा. तो रकाना प्रामाणिकपणे भरता आला तर शब्द खुशाल ठेवावा. न आला तर खोडावा.