पाऱ्याचं आउटसोर्सिंग

कोडाईकनालची ट्रिप तुमचीही झाली असेलच. लेक, बोटिंग, होममेड चॉकलेट. पण तिथे थर्मामीटरचा कारखाना होता, हे ठाऊक आहे?

न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरटाउनहून तो १९८०च्या दशकात इथे हलवला. पुढे तो हिंदुस्तान लिव्हरकडे आला. पारा बाहेरून यायचा, तयार थर्मामीटर बाहेर जायचे. मागे उरायच्या फुटक्या काचा आणि वाफ. पारा साध्या खोलीतही उडतो. वास नाही, रंग नाही. श्वासातून फुप्फुसात, तिथून रक्तात, मग मेंदूत आणि मूत्रपिंडात. हात थरथरतात, लक्षात राहत नाही.

२००१ साली गावातल्या भंगारात पारा लागलेल्या काचांचा ढीग सापडला, तेव्हा कुठे कारखाना बंद झाला. २००३ मध्ये सुमारे २९० टन कचरा अमेरिकेला परत गेला. म्हणजे कचऱ्याला दोन वर्षांत परतीचं तिकीट मिळालं. आणि ५९१ माजी कामगारांशी तडजोड व्हायला २०१६ उजाडलं! कंपनीचं म्हणणं मात्र एकच: कामगारांच्या तब्येतीला कारखान्यामुळे काहीच झालेलं नाही.

"पण रोजगार तर मिळाला ना!" हे वाक्य मी कँटीनमध्ये ऐकलंय. अहो, आउटसोर्सिंगवर माझंही घर चालतं. पण माझ्या कोडची वाफ माझ्या फुप्फुसात जात नाही. काम पाठवायचं, सोबत विषही पाठवायचं, आणि वर उपकार म्हणायचे?

असो. पुढच्या ट्रिपला चॉकलेट जरूर आणा. फक्त 'काय शुद्ध हवा आहे!' म्हणण्याआधी हे एकदा आठवा.