चार गाण्यांचं गिऱ्हाईक

२००७च्या सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. विसर्जनाची दमणूक अजून उतरली नव्हती आणि भल्या पहाटे न्यू जर्सीहून मामेभावाचा फोन. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. सल्ला त्यानं द्यायचा आणि मी ऐकायचा, ही आमच्याकडची रीत. त्या दिवशी उलटं झालं.

‘‘अरे, ॲमेझॉननं गाण्यांचं दुकान काढलंय. ८९ सेंटपासून गाणी, आणि कुलूप नाही. आयपॉडवरसुद्धा वाजतात. माझे ॲपलचे शेअर काढून टाकू का? तू पेपरात बाजारावर लिहितोस म्हणून विचारतो.’’

या कुलपावर तेव्हा ॲपलच्या भागधारकांची भारी श्रद्धा. २००३ साली आयट्यून्सचं दुकान उघडलं, ९९ सेंटला एक गाणं. ते विकत घेतलं की खिशातल्या प्लेअरपैकी फक्त आयपॉडवर वाजायचं. म्हणजे गिऱ्हाईक अडकलं, असा हिशेब. मग कुणीही नवं दुकान थाटलं की यांच्या पोटात गोळा. २००४ मध्ये रियलनेटवर्क्सनं आपली गाणी आयपॉडवर वाजतील अशी युक्ती काढली आणि भाव ४९ सेंटवर आणला, तेव्हा खुद्द ॲपलनंच ही हॅकरची चाल म्हणून आगपाखड केली. मला तो राग तेव्हाही कळला नव्हता. पदरचे पैसे घालून दुसरा कुणी आयपॉडसाठी स्वस्त गाणी पुरवतोय, तर त्याला चहा पाजावा की शिव्या द्याव्यात?

कारण पैसा गाण्यात नव्हताच. ९९ सेंटमधले सुमारे ७० रेकॉर्ड कंपनीला जायचे; उरलेल्यात कार्डाचं कमिशन, सर्व्हरचा खर्च. २००६च्या आर्थिक वर्षात ॲपलची विक्री १९ अब्ज डॉलरच्या पुढे गेली. त्यात आयपॉडचे साडेसात अब्जांहून जास्त, तर गाण्यांचं दुकान आणि त्याच्या आसपासचं किडूकमिडूक धरून दोन अब्जही नाहीत. लहानपणी आमच्या गल्लीत कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून देणारी दोन दुकानं होती. त्यांच्या चुरशीत टेपरेकॉर्डर बनवणाऱ्याचं कधी नुकसान झालं नाही.

ज्यांची गाणी आयपॉडवर वाजत नव्हती त्यांची कथा लवकर संपते. सोनीचं ‘कनेक्ट’ आलं आणि गेलं. मायक्रोसॉफ्टनं आपल्या कुलपाची गाणी अनेक कंपन्यांच्या प्लेअरवर वाजतील अशी सोय केली होती; पण २००६ मध्ये स्वतःचा ‘झून’ काढला तो त्या गाण्यांना ओळखेचना. शेअर विकायला हे कारण पुरेसं होतं, पण ॲपलचे नव्हे.

खरा घाव पडला तो भलतीकडून. २००७च्या नाताळच्या तिमाहीत २ कोटी २१ लाख आयपॉड खपले, पण वाढ जेमतेम पाच टक्के. जानेवारीत हा आकडा आला, पुढच्या तिमाहीचा अंदाजही बेताचा निघाला, आणि शेअर एका दिवसात दहा टक्क्यांहून जास्त आपटला. ज्यांना आयपॉड हवा होता त्यातल्या बहुतेकांकडे तो आलेला होता. आणि गाणी वाजवणारा फोन ॲपलनंच जूनमध्ये बाजारात आणला होता.

पण हे सगळं नंतरचं. त्या पहाटे मी दादाला एवढंच विचारलं, ‘‘तुझ्या आयपॉडवर गाणी किती, आणि त्यातली ॲपलच्या दुकानातली किती?’’ स्टीव्ह जॉब्सनं त्याच वर्षी फेब्रुवारीत जाहीर पत्रात लिहिलं होतं की, सरासरी काढली तर एका आयपॉडमागे त्यांनी २२ गाणी विकली आहेत; यंत्रावरच्या एकूण गाण्यांच्या तीन टक्क्यांहूनही कमी.

संध्याकाळी दादाचा पुन्हा फोन. मोजायला दिवस लागला असावा.

‘‘सातशे चौदा. त्यातली चार.’’

‘‘आणि बाकीची?’’

‘‘भीमसेन, किशोरीताई, वसंतराव. आईनं पाठवलेल्या सीडींवरून भरलेली. दुसरं कोण?’’

शेअर मात्र त्यानं विकलेच. जानेवारीत, पडल्यावर.