आरमार दरबारात बुडाले

पुण्यात मराठा आरमारावर व्याख्यान असले की सभागृह भरते. शिवछत्रपतींनी कल्याण-भिवंडीच्या खाडीत जहाजे बांधायला घेतली, १६६४ मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, कान्होजी आंग्र्यांनी इंग्रज, पोर्तुगीज आणि सिद्दी या तिघांनाही पुरून उरून दाखवले, हे सगळे रंगून सांगितले जाते. मग वक्ता लांब उडी मारतो आणि थेट २०२२ च्या नौदल ध्वजावरच्या अष्टकोनी राजमुद्रेपाशी येतो. मधली वर्षे गायब. शेवटी हिंदी महासागरातल्या चिनी जहाजांबद्दल चिंता व्यक्त होते आणि सभा संपते. मी अशी पुष्कळ व्याख्याने ऐकली आहेत. ही मधली पाने विस्मरणाने गळलेली नाहीत, ती गाळलेली आहेत, कारण त्यांच्यावर पुण्याचे नाव आहे. मराठ्यांचे सर्वांत बलाढ्य आरमार फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली जळून गेले, आणि ज्या मोहिमेत ते जळाले तिचा करार पुण्याच्या पेशव्यांनी इंग्रजांशी केला होता.

ज्यांना चीनची एवढी काळजी वाटते त्यांनी आधी चीनचा आरमारी इतिहास नीट वाचावा. १४०५ ते १४३३ या काळात सेनानी झेंग हे याने सात सागरी मोहिमा काढल्या. पहिल्याच मोहिमेत सुमारे २७ हजार माणसे होती. हे ताफे कालिकतला आले, होर्मुझला गेले, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचले. त्या काळी जगात एवढे आरमार दुसऱ्या कोणाकडे नव्हते. ते कोणत्या लढाईत हरले? कोणत्याच नाही. मिंग दरबाराने ते मोडीत काढले. खर्च फार होतो, उत्तरेकडून मंगोल चढून येत आहेत, समुद्रावर नाव कमावणाऱ्यांचे वजन दरबारात वाढते आहे, अशी कारणे निघाली. पुढच्या फेऱ्या थांबल्या, गोद्यांमधली जहाजे कुजली, खाजगी सागरी व्यापारावरची बंदी कडक झाली. ज्या कालिकतला हे प्रचंड ताफे येत होते तिथेच १४९८ मध्ये वास्को द गामा मोजकी जहाजे घेऊन उतरला. १५११ मध्ये पोर्तुगीजांनी मलाक्का घेतले.

त्याची किंमत चीनने शतकानुशतके मोजली. अफूच्या पहिल्या युद्धात इंग्रजी जहाजे यांगत्से नदीतून नानजिंगपर्यंत घुसली आणि २९ ऑगस्ट १८४२ रोजी कॉर्नवॉलिस या युद्धनौकेवर चीनला तह लिहून द्यावा लागला. ही नौका मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानातून बांधली होती, १८१३ मध्ये. ज्या अफूवरून हे युद्ध पेटले तिच्यातला मोठा वाटा माळव्यातून, शिंदे-होळकरांच्या मुलखातून मुंबईमार्गे जात होता. आमचे लाकूड, आमचे कारागीर, आमची जमीन. निशाण मात्र इंग्रजांचे. आरमार गमावलेल्या मुलखाचे हात दुसऱ्याच्या आरमारासाठी राबतात, हे यातून दिसते.

चीनला तरीही शहाणपण आले नाही. १८८० च्या दशकात बेइयांग आरमार उभे राहिले, जर्मनीत बांधलेल्या दोन चिलखती युद्धनौका आल्या, आशियात त्याचा दरारा होता. १८८८ नंतर मात्र एकही मोठी युद्धनौका विकत घेतली गेली नाही. आरमाराचा पैसा राजमाता त्सीशीच्या उन्हाळी राजवाड्याकडे वळला. त्या राजवाड्याच्या तळ्यात एक संगमरवरी नौका आहे. १८९३ मध्ये तिची डागडुजी करून घेतली गेली, आणि पुढच्याच वर्षी यालू नदीच्या मुखाशी जपानने खऱ्या नौका बुडवल्या. दक्षिणेकडचे नानयांग आरमार मदतीला आले नाही. हे युद्ध उत्तरेच्या आरमाराचे, आपले नव्हे, असाच त्याचा पवित्रा होता. फेब्रुवारी १८९५ मध्ये वेइहाइवेइला उरलीसुरली जहाजे शत्रूच्या हाती गेली आणि आरमारप्रमुख डिंग रुचांग याने अफू खाऊन जीव दिला.

आता आपल्याकडे वळू. आरमाराची फाळणी आपण चीनच्याही दीडशे वर्षे आधी केली. कान्होजी १७२९ मध्ये वारले. त्यांच्या हयातीत १७१७ पासून १७२१ पर्यंत इंग्रजांनी विजयदुर्ग, खांदेरी, पुन्हा विजयदुर्ग आणि शेवटी पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाबा, असे हल्ले केले आणि प्रत्येक वेळी मार खाल्ला. पुढे मुलांमध्ये भाऊबंदकी झाली तेव्हा पहिल्या बाजीरावाने १७३५ मध्ये घर दुभंगून दिले: मानाजीला कुलाबा, संभाजीला विजयदुर्ग. भांडण मिटले असे म्हणायचे. प्रत्यक्षात एका आरमाराची दोन झाली आणि पुण्याला दोघांनाही मुठीत ठेवणे सोपे गेले. संभाजीनंतर विजयदुर्ग तुळाजीकडे आला. तो पुण्याला जुमानेना.

मग १९ मार्च १७५५ चा करार झाला. नानासाहेब पेशव्यांच्या वतीने रामाजी महादेव आणि मुंबईचा गव्हर्नर बूर्शिए यांच्यात तो ठरला. समुद्रावरचे नेतृत्व इंग्रजांकडे, जमिनीवरून तुळाजीला गुंतवून ठेवण्याचे काम मराठी फौजेकडे, आणि बक्षीस म्हणून इंग्रजांना बाणकोट. ही कलमे पुन्हा वाचा. ज्या किनाऱ्यासाठी शिवछत्रपतींनी आयुष्य वेचले त्यावरचे आरमारी नेतृत्व आम्ही कागदावर लिहून दिले. एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. तोफगोळ्यांनी एका जहाजाने पेट घेतला आणि दाटीने नांगरलेले तुळाजीचे सबंध आरमार काही तासांत भस्म झाले. लुटीचे वाटे इंग्रजांनी आपसात निघण्यापूर्वीच ठरवले होते. त्यात मराठ्यांना कवडी नव्हती. सुमारे दहा लाख रुपये त्यांनी वाटून घेतले, किल्लाही बळकावला आणि ऑक्टोबरच्या तहापर्यंत सोडला नाही. तुळाजीचा शेवट मराठ्यांच्याच कैदेत झाला.

इथे पुण्याचा ठरलेला बचाव येतो: तुळाजी बंडखोर होता, रयतेला आणि शेजारच्या सरदारांना छळत होता. होता, मान्य. त्याला शिक्षा करायला हवी होती, हेही मान्य. पण शिक्षा माणसाला करायची की राज्याच्या आरमाराला? शिंदे आणि होळकर एकमेकांशी भांडले तेव्हा त्यांचे घोडदळ कापून काढायला पेशव्यांनी इंग्रजांना बोलावले होते का? जमिनीवरची प्रत्येक कटकट घरात मिटवता येत होती, मग समुद्रावरचीच परक्याच्या तोफेने का मिटवायची? कारण एकच. पुण्याच्या दरबाराला घोडदळ आपले वाटे, आरमार आंग्र्यांचे वाटे. ज्यांचे मूळ घर समुद्रकाठच्या श्रीवर्धनचे, त्या भट घराण्याने घाट चढल्यावर समुद्राकडे पाठ फिरवली. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर वेगळे प्रकरण आहे, आणि टोपीकरांना किनाऱ्यावर पाय रोवू देऊ नका हा इशाराही आहे. १७५५ च्या कराराआधी चार दशके हे लिहून ठेवलेले होते.

दुसरा बचाव आनंदराव धुळपांचा. त्यांनी १७८३ मध्ये इंग्रजांचे रेंजर जहाज पकडले, हे खरे आणि अभिमानाचे. पण एका शूर सुभेदाराचा पराक्रम पुढे करून दरबाराचा गुन्हा झाकता येत नाही. धुळपांच्या हाती आले ते किनाऱ्याची राखण करणारे आरमार. ज्यांच्या धाकाने कंपनीच्या जहाजांना सोबत रक्षक नौका घेऊन फिरावे लागे, ते आंग्र्यांचे आरमार तोवर राख झाले होते.

त्या राखेतून काय उगवले तेही पाहा. कोकण किनाऱ्याची धास्ती संपली आणि तेच वॉटसन, तेच क्लाइव्ह बंगालला मोकळे झाले. विजयदुर्गानंतर सोळा महिन्यांनी, जून १७५७ मध्ये, प्लासी झाली. आणि १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांकडून हडपसरला पराभूत झालेला दुसरा बाजीराव पळत पळत सुवर्णदुर्गाला पोहोचला, तिथून इंग्रजांच्या जहाजात बसून वसईला गेला आणि ३१ डिसेंबरला तैनाती फौजेचा करार करून स्वातंत्र्य विकून मोकळा झाला. चुलत्याने इंग्रजांना जो समुद्र दिला, त्याच समुद्रातून पुतण्या इंग्रजांचा आश्रित म्हणून गेला. पेशवाई १८१८ ला संपली असे शाळेत शिकवतात. तिच्या अंताची सुरुवात १७५५ च्या त्या करारात आहे.

चीनने आपल्या नामुष्कीचे काय केले? वेइहाइजवळच्या ल्युगुंग बेटावर, जिथे बेइयांग आरमार शरण गेले तिथेच, त्या पराभवाचे संग्रहालय उभारले. नौदलाच्या एका प्रशिक्षण नौकेला झेंग हे याचे नाव दिले, दुसरीला यालूच्या लढाईत बुडून मेलेल्या डेंग शिचांग या कप्तानाचे. आजचे चिनी नौदल दक्षिण चिनी समुद्रात व्हिएतनाम-फिलिपाइन्सच्या मच्छीमारांवर जी दांडगाई करते ती निंद्यच आहे आणि तिचे समर्थन मी करणार नाही. पण आपले आरमार आपल्याच दरबाराने बुडवले हे त्या देशाने आपल्या मुलांपासून लपवले नाही. आज जहाजांच्या संख्येत त्याचे नौदल जगात सर्वांत मोठे आहे.

आणि आम्ही? डिसेंबर २०२३ मध्ये नौदल दिनी मालवणला राजकोट किल्ल्यावर शिवरायांचा पुतळा उभा केला. नऊ महिनेही झाले नाहीत तोच, ऑगस्ट २०२४ मध्ये तो कोसळला. त्यावर आमचे उत्तर काय, तर आणखी उंच पुतळा. २०२५ मध्ये युनेस्कोने सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग जागतिक वारशात घेतले तेव्हा पुण्यात आनंद झाला. हे दोन्ही किल्ले इंग्रजी तोफांच्या तोंडी कोणी दिले, हे कोणी उच्चारले नाही.

माझी मागणी साधी आहे. मार्च १७५५ च्या कराराची कलमे मराठीत, मोठ्या अक्षरांत शनिवारवाड्यात लावा, नानासाहेबांचे स्मारक असलेल्या पर्वतीवरही लावा. शाळेच्या पुस्तकात कान्होजींच्या धड्यानंतर विजयदुर्गाचा धडा घाला आणि त्यात करार करणाऱ्यांची नावे लिहा. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत आणि लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर जी मुले नौदलाचे शिक्षण घेतात, त्यांना हे कळलेच पाहिजे की आरमाराला शत्रूच्या तोफेइतकाच धोका राजधानीतल्या मत्सराचा असतो. पुणेकरांना हे बोचेल. बोचलेच पाहिजे. ज्या शहराला स्वतःच्या इतिहासातला गुन्हा नाव घेऊन सांगता येत नाही, त्याला चीनच्या जहाजांवर बोलण्याचा अधिकार नाही.