जुनी केबिन आणि आपण

रुळांच्या कडेला, उंचावर, काचेच्या खिडक्यांची एक छोटी इमारत असे. तिला सगळे ‘केबिन’ म्हणत. आत लोखंडी लिव्हरांची रांग. एक लिव्हर ओढला की तारेने दूरचा सिग्नल पडे, दुसऱ्याने रुळांचे सांधे बदलत. सांधे योग्य मार्गाला लागल्याशिवाय सिग्नलचा लिव्हर हलतच नसे. माणूस चुकला तरी यंत्र त्याचा हात धरी! आता हे काम संगणकाकडे जात आहे. ते योग्यच आहे. जिथे प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न आहे, तिथे जुन्याचा हट्ट नको. पण काम संपले म्हणून वस्तूने भंगारातच जावे काय?

इंग्लंडमध्ये सेंट अल्बन्स येथे १८९२ साली बांधलेली अशीच एक केबिन ओसाड पडली होती. स्वयंसेवकांनी ती दुरुस्त केली. केवळ रंग देऊन ते थांबले नाहीत, तर लिव्हर पुन्हा हलते केले. २००८ पासून लोक ती आत जाऊन पाहतात.

एवढे दूर तरी कशाला जावे? आपल्या उज्जैनची वेधशाळा सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात उभारली. पुढे तिची दुर्दशा झाली. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये तिचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे यांनी तिचे काम पाहिले. १९४२ पासून तिथून ग्रहस्थितीचे पंचांगही निघू लागले. यंत्रे वापरात आली, म्हणून ती टिकली. उलट, १९३२ मध्ये सुरू झालेली आपली उज्जैन-आगर छोटी गाडी १९७५ मध्ये बंद झाली आणि आज ती फक्त आजी-आजोबांच्या गप्पांत उरली आहे.

काही पालक म्हणतील, हे शाळेचे काम आहे का? परीक्षा आहेत, इमारतीची दुरुस्ती आहे. शंका रास्त आहे. म्हणूनच आरंभ बिनखर्ची असावा. आपल्याच घरांतून, शेजारातून निवृत्त केबिनमन, सांधेवाले, स्टेशनमास्तर शोधावेत. मुलांनी त्यांच्याकडून काम समजून घेऊन लिहून काढावे, आवाज ध्वनिमुद्रित करावा आणि चार लिव्हरांचा लाकडी नमुना बनवावा. तो नीट चालला, तर भौतिकशास्त्राचा एक धडा पाठ न करताच समजेल. त्यानंतर विश्वस्तांनी रतलाम मंडळाला पत्र लिहून वापरातून काढलेला एखादा लिव्हरसंच शाळेच्या आवारासाठी मागावा. चालू रुळांजवळ मात्र एकाही मुलाने जाता कामा नये.

२०२८ च्या सिंहस्थासाठी शहरात नवे पुष्कळ होणार, जुने पुष्कळ निघणार. लोखंड एखादे वेळी पुन्हा मिळेलही, पण ते कसे चालवायचे हे सांगणारी मंडळी आता वृद्ध झाली आहेत. तेव्हा मुलांनो, या सुटीत आधी त्यांच्याकडे जा.