शोभा त्यांची, घासणं आमचं



मागच्या मे महिन्यात यवतमाळातल्या एका बंगल्यात वाढदिवसाला गेले होते. बाहेर पारा ४३ वर आणि दिवाणखान्यात चक्क फायरप्लेस! विलायती घरांतली भिंतीतली शेकोटी. पुढे पानाफुलांच्या नक्षीची बिडाची जाळी, पितळी कठडा, शेजारी चिमटा, फावडं आणि सळई. धुराला वाट नाही, म्हणजे जाळ कधी होणारच नाही. "अगदी व्हिक्टोरियन," यजमान कौतुकानं सांगत होते.

तिथं काम करणाऱ्या मावशी आमच्या घरकामगार गटातल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, याच्यात जाळ तं होत नाई. मंग हे घासाचं कायले?"

हा प्रश्न मनातून जाईना. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडात बिडाचं ओतकाम स्वस्त झालं आणि मध्यमवर्गीय घरातली शेकोटीही नक्षीनं भरून गेली. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात कोलब्रुकडेलच्या कारखान्यानं आपलं ओतकाम थाटात मांडलं. पुस्तकांत हे सगळं वाचायला मिळतं. पण नक्षीच्या प्रत्येक खाचेत काजळी बसते. घर जागं होण्याआधी मोलकरणीनं राख काढायची, मग काळ्या शिशाचा, म्हणजे पेन्सिलीतल्या ग्राफाइटचा, लेप चढवून ब्रशनं लखलखेपर्यंत घासायचं. पोलादी सळया वेगळ्या, पितळ वेगळं. नंतर जाळ पेटवायचा, की पुन्हा सगळं काळं.

हॅना कलविक या मोलकरणीनं १८५४ ते १८७३ या काळात रोजनिशी लिहिली. शेकोट्या, पायऱ्या, बूट, भांडी यांच्या घासण्याचा हिशेबच आहे तो. म्हणून तिचं नाव आपल्याला माहीत. १८९१ च्या शिरगणतीत इंग्लंड-वेल्समध्ये घरात राबणाऱ्या अशा बायका तेरा लाखांहून जास्त होत्या. बाकीच्यांची नावं कुठं आहेत? (त्या काळच्या लँकेशायरच्या गिरणीमालकांच्या पैशात आपल्या वऱ्हाडचा कापूसही होता. तो वेचणारे हातही बायकांचेच.)

म्हणून मला या नक्षीचं नुसतं कौतुक करवत नाही. कलाकुसर सुंदर आहे, नाही कोण म्हणतं? पण ती ज्या घरात आली तिथं घासणारी दुसरीच होती. नक्षी निवडणाऱ्याला घासावी लागली असती, तर निम्मी पानंफुलं गळून पडली असती.

आपल्याकडे २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. नोंदणीची सोय झाली. पण आठवड्याची सुटी आणि कामाचे तास त्या कायद्यात नाहीत. मग काम ठरतं तोंडी: झाडूपोछा, भांडी, कपडे. शोभेच्या वस्तू त्यात मोजल्याच जात नाहीत. "तेवढं जरा पुसून घे हं" म्हटलं की झालं. माझा आग्रह आहे, गटाच्या दरपत्रकात पितळ, जाळ्या, झुंबरं यांची सफाई वेगळी लिहावी आणि तिचा वेगळा दर मागावा.

हे बैठकीत मांडलं तेव्हा मावशींनी मला विचारलं, "अन् तुमच्या घरच्या समया, ताई?" दिवाळीआधी दोन समया, पाच तांबे आणि आजीचा बंब चिंच-मीठ लावून कुणी घासला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वेगळे पैसे मी दिले नव्हते. दरपत्रकात समईची ओळ मीच लिहून घेतली.