नव्या भाताचा पहिला घास

कर्जत-खालापूरच्या ठाकरवाड्यांत नवे भात घरी आले की पहिला घास देवाला. मग माणसे जेवतात. इंग्लंड-अमेरिकेतले निसर्गपूजक विक्कापंथीयही १ ऑगस्टच्या सुमारास नव्या धान्याचा पाव अर्पून धरतीचे आभार मानतात.

आम्ही नैवेद्य दाखवत नाही. पण मंगलसुत्तात कृतज्ञतेला उत्तम मंगल म्हटले आहे. तेव्हा या रीतीला हसू नये. जेवताना मुलांना विचारावे, हा भात कोणी लावला, कोणी कापला?

दिवाळीनंतर याच भागातले कातकरी उचल घेऊन मुलाबाळांसह वीटभट्टीवर जातात. आपल्या भिंतींत त्यांचा घाम आहे. माताभगिनींनो, राबणाऱ्याला पुरी मजुरी वेळेवर मिळावी, त्याचे मूल शाळेत बसावे, यासाठी झटणे हीच खरी कृतज्ञता.