प्राणहितेकाठचा मासा

कालेश्वरच्या दर्शनास जाणाऱ्या हैदराबादेकडील मराठी कुटुंबांना प्राणहिता आणि गोदावरी यांचा संगम नवा नाही. स्नान, पूजा आटोपून आपण परततो. परंतु त्या परिसरातील दगडांच्या पोटात एक फार जुना रहिवासी निजलेला आहे. त्याची ओळख आज करून द्यावी, असे आम्ही योजिले आहे.

प्राणहितेकाठी सिरोंच्याजवळ कोटा नावाचे लहानसे खेडे आहे. तेथील चुनखडीत मिळालेल्या माशाची हकीकत कर्नल साइक्स यांनी १८५१ साली लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. सर फिलिप एगर्टन यांनी माशाचे वर्णन करून त्यास 'लेपिडोटस डेक्कनेन्सिस', म्हणजे दख्खनचा खवलेधारी, असे नाव दिले.

नाव सार्थ होते. याचे खवले आपल्या रोहूच्या खवल्यांसारखे पातळ नव्हते. ते शंकरपाळ्याच्या आकाराचे, जाड हाडाचे आणि वरून दातासारखे चकचकीत असत. मासा गेला, पण हे चिलखत टिकले. याच्या युरोपातील भाऊबंदांचे वाटोळे दात तर बेडकाच्या डोक्यातील रत्न समजून, विषावर उतारा म्हणून, लोक अंगठीत घालीत!

रोहूप्रमाणेच याचेही पर काड्यांनी तोललेले. तरी हे घराणे निराळे. ते नामशेष झाले असून त्याचा जवळचा जिवंत आप्त म्हणजे अमेरिकेतील लांब चोचीचा गार मासा. हा मासा ज्युरासिक काळात, सतरा-अठरा कोटी वर्षांपूर्वी, येथील पाण्यात पोहत होता, तेव्हा हिमालय नव्हता आणि आपली भूमी आफ्रिका व अंटार्क्टिका यांना जोडलेली होती. याच थरांत, नदीपलीकडील आदिलाबादच्या बाजूस, बारापासॉरस हा प्रचंड डायनासोर सापडला. त्याचे नामकरण १९७५ साली झाले. सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे.

आज त्या नदीच्या एका तीरावर महाराष्ट्र, दुसऱ्यावर तेलंगण. आपण सीमेवरची माणसे या रेषांनी कितीदा व्यथित होतो! खालचा दगड मात्र दोन्ही तीरांवर एकच आहे.

वाचकांस एकच विनंती. तिकडे गेलात आणि खवल्यांचा ठसा दिसला, तर आठवण म्हणून तो दगड घरी आणू नका. कोणत्या थरात, कोणाच्या सोबतीने तो होता, हीच त्याची साक्ष असते. जागेवरून उचललेला दगड शोभेचा होतो. साक्षीदार उरत नाही.